पर्जन्य आणि पराक्रम

राष्ट्रांचा उदय आणि अस्त कशामुळें होतो, या प्रश्नाला एकच उत्तर मिळावें अशी ओढ विद्वानांना नेहमींच वाटत आली आहे. कोणी तें थोर पुरुषांच्या चरित्रांत शोधतो, कोणी अर्थव्यवहारांत, तर कोणी आकाशांतल्या ढगांत. या तिसऱ्या पंथाचा एक अग्रणी म्हणजे अमेरिकेंतील येल विद्यापीठांतला भूगोलवेत्ता एल्सवर्थ हंटिंग्टन.

मध्य आशियांत प्रवास करीत असतां वाळूंत गडप झालेल्या ओसाड वसाहती त्यानें पाहिल्या आणि पुढें ‘द पल्स ऑफ एशिया’ हा ग्रंथ १९०७ सालीं प्रसिद्ध केला. नाडीच्या ठोक्यांप्रमाणें आशियाचें हवामानहि आळीपाळीनें ओलें व कोरडें होतें. कोरडा काळ आला कीं कुरणें करपतात, पशुपाल टोळ्या उपाशी पडतात आणि शेजारच्या सुपीक प्रदेशांवर कोसळतात, असें त्याचें प्रतिपादन. मंगोलांच्या दिग्विजयाचें मूळहि पुढें अनेकांनीं अशाच अवर्षणांत शोधलें. उपपत्ति मोठी मोहक आहे. पण ती खरी आहे काय?

या बाबतींत झाडांची साक्ष घेतां येते. ओलसर वर्षीं खोडांत रुंद वलय उमटतें, कोरड्या वर्षीं अरुंद. कॅलिफोर्नियांतील प्रचंड सिक्वोया वृक्षांचीं वलयें खुद्द हंटिंग्टननेंच मोजलीं होतीं. परंतु हाच साक्षीदार पुढें उलटला. मंगोलियांतील जुन्या पाइन वृक्षांच्या वलयांवरून झालेलें संशोधन २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. १२११ ते १२२५ अशीं लागोपाठ पंधरा वर्षें तेथें भरपूर ओल होती, आणि इतका दीर्घ सुकाळ त्या भूमीनें अकराशें वर्षांत दुसरा पाहिला नाहीं, असें त्यांत दिसून आलें. चेंगीझखानाच्या मोठ्या स्वाऱ्या याच काळांतल्या. म्हणजे मंगोल स्वार भुकेनें नव्हे, तर मुबलक गवतावर पोसलेल्या घोड्यांच्या बळावर बाहेर पडले असावेत!

तेव्हां दुष्काळाच्या जागीं सुकाळ बसविला म्हणजे कोडें सुटलें काय? मला तसें वाटत नाहीं. विखुरलेल्या टोळ्यांना एका झेंड्याखालीं आणून तेमुजिन ‘चेंगीझखान’ झाला तो १२०६ सालीं, म्हणजे त्या ओल्या वर्षांच्या आधींच. पावसानें त्याच्या घोड्यांना चारा दिला. फौजेला शिस्त लाविली ती त्यानें स्वतः. निसर्ग संधि देतो. तिचें सोनें किंवा माती माणूस करतो.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. १९१५ सालच्या ‘सिव्हिलायझेशन अँड क्लायमेट’ या ग्रंथांत हंटिंग्टननें हवामानावरून संस्कृतींची प्रतवारी लाविली, तेव्हां अग्रपूजेचा मान वायव्य युरोपला व त्याच्या स्वतःच्या ईशान्य अमेरिकेला मिळाला. उष्ण देश खालीं राहिले. अशा सिद्धान्तानें बलवानाला गर्व चढतो आणि राज्यकर्त्याला सबब मिळते. याचा दाखला आपल्या महाराष्ट्रांतच आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत माणसें लाखांनीं मेलीं, आणि त्याच काळांत हिंदुस्थानांतून धान्य परदेशीं जातच होतें. १९७२ सालींहि पावसानें पाठ फिरविली. गुरें गेलीं, लोकांचे हाल झाले, पण सरकारी कामांवर लाखों हातांना मजुरी मिळाली आणि तशी मनुष्यहानि टळली. दोन्ही वेळां ढगांनीं दगा दिला. फरक होता तो राज्याच्या कर्तव्यबुद्धींत.

आज माणसाच्याच करणीनें पृथ्वी तापत आहे. अशा वेळीं हवामानाच्या चक्रांचा अभ्यास जरूर करावा. पण उपासमारीचा सारा दोष आकाशावर ढकलणाऱ्या इतिहासकारापासून सावध असावें.