होडीत किती माणसं?

२०२१ साली संसदेनं अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला आणि १९१७ चा जुना कायदा मोडीत निघाला. वर्तमानपत्रात ती बातमी कुठेतरी आतल्या पानावर आली असेल. माझं लक्ष तिच्याकडे गेलं ते त्यातल्या एका प्रकरणामुळे. ते बिनइंजिनाच्या होड्यांबद्दल आहे. वल्ह्यांवर, शिडावर चालणाऱ्या होड्यांची नोंद राज्य सरकारांनी जिल्हा, तालुका किंवा ग्रामपंचायतीच्या पातळीवर करून घ्यावी, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे ह्या कायद्यात गावच्या साध्या होडीला जागा मिळायला एकशेचार वर्षं लागली! सारा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेला, त्यामुळे डोक्यात आलं की मग इतकी वर्षं ती होडी कुणाच्या नियमानं चालत होती?

पहिलं उत्तर सोपं आहे. तांडेलाच्या.

आमच्याकडे खाडी ओलांडायच्या जागेला 'तर' म्हणतात. मी नोकरीला लागलो ती शाळा खाडीच्या एका काठाला आणि निम्मी मुलं पलीकडच्या गावांतली. सकाळी तर आली की शाळा भरायची. तरीवरच्या तांडेलाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भरतीचं गणित तोंडपाठ होतं. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. मी हे गणित सहावीच्या मुलांना अपूर्णांक शिकवताना वापरत असे आणि पुस्तकातल्या आंब्यांच्या वाटणीपेक्षा ते त्यांना लवकर कळे. पौर्णिमा-अमावस्येला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हेही त्या मुलांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तांडेलाचे बाकीचे नियम असे: होडीत उभं राहायचं नाही. सगळ्यांनी एका बाजूला सरकायचं नाही, मग पाण्यात काहीही दिसो. बाया-मुलं मधे. होडीचा काठ पाण्याच्या वर हातभर दिसला पाहिजे, तेवढा दिसत असेल तोवर माणूस घ्यायचा. किती माणसं हा आकडा त्याच्याकडे नव्हताच. तांदळाची पोती असली तर माणसं कमी, वारा पडलेला असला तर दोन जास्त. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या खासदारानं जहाजांच्या कुशीवर भाररेषा काढायला लावण्यासाठी रान उठवलं आणि १८७६ साली तसा कायदा झाला, हे मी पुढे वाचलं. आमच्या तांडेलाची रेषा त्याच्या डोळ्यांत होती, इतकाच फरक.

एकदा लग्नाचं वऱ्हाड तरीवर आलं. मुहूर्त जवळ आलेला, सुकती लागलेली, वारा वाढलेला. सगळं वऱ्हाड एका खेपेत न्या म्हणून नवऱ्या मुलाचा मामा हटून बसला. दुप्पट पैसे देतो म्हणाला. तांडेलानं वाद घातला नाही. वल्ही उचलून आत घेतली आणि नाळेवर बसून विडी पेटवली. "मामानू, अर्धे उतरा, मग निघू," एवढंच म्हणाला. शेवटी अर्धे उतरले. मुहूर्त चुकला की गाठला ते आता आठवत नाही. ती आत घेतलेली वल्ही मात्र डोळ्यांसमोर आहेत.

आता सरकारी नियमांकडे वळू. मुंबई इलाख्यात तरींसाठी १८६८ साली कायदा झाला. सार्वजनिक तरींची व्यवस्था, उताऱ्याचे दर आणि तर मक्त्यानं देणं हे त्यातले मुख्य विषय. मक्ता आला की लिलाव आला. लिलावात जास्त बोली लावणाऱ्याला तर मिळणार आणि ती रक्कम त्यानं वसूल कशातून करायची? डोक्यांतून. दर सरकारनं बांधून दिलेला, तेव्हा कमाई वाढवायची तर खेपेला डोकी वाढवणं हा सर्वांत सोपा मार्ग. जो माणूस "आता बास" म्हणायला हवा, त्याचंच पोट "अजून या" म्हणण्यावर अवलंबून राहिलं. पुढच्या सगळ्या इतिहासाचं बीज मला इथं दिसतं. जुना तांडेल काही साधुसंत नव्हता. पण होडी त्याची, जीव त्याचा आणि बुडालं तर तोंड दाखवायचं तेही त्याच गावात. मक्तेदार धक्क्यावर पेटी घेऊन बसतो, तो होडीत नसतो.

१९०८ च्या बंदर कायद्यानं बंदरातल्या भाड्याच्या, मालाच्या आणि प्रवासी होड्यांना परवाने देण्याचे नियम करायचा अधिकार सरकारला दिला. गंमत म्हणजे त्यात 'कॅटमरान' हा शब्दही आहे, म्हणजे तमिळ कोळ्यांचं 'कट्टुमरम', एकत्र बांधलेले ओंडके! १९१७ चा कायदा मुळात नदी-खाडीतल्या आगबोटींचा. बोटीची तपासणी, दाखल्यावर उतारूंची संख्या, चालवणाऱ्याची परीक्षा, हे सगळं त्यात आलं. परीक्षेच्या दाखल्यांमध्ये एक दाखला 'सेरंग'चा होता. आपला सारंग तो हाच. साहेबाच्या कायद्यात खलाशांचा शब्द जाऊन बसला, पण सारंगाची होडी मात्र बाहेर राहिली, कारण कायद्याला वाफ हवी होती. १९७७ च्या दुरुस्तीनं वाफेच्या जागी यंत्रावर चालणारी सगळी जलयानं आली. वल्हं तरीही बाहेरच.

मासेमारीच्या बंदीचंही काहीसं असंच आहे. कोळी समाज पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायचा आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्या खुला करायचा. १९८१ साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा आला. त्याखालच्या बंदीची मुदत बरीच वर्षं 'नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल ते' अशी असे. सरकारी कागदात तिथी पाहून मला फार बरं वाटायचं. पुढे पश्चिम किनाऱ्याला सरसकट १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरले. बंदी यांत्रिक नौकांना आहे, बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना नाही. माशांच्या विणीचा विचार केला तर ते बरोबरच, पण पावसाळी समुद्राला इंजिन आहे की वल्हं, हे कळत नाही.

आणि 'रामदास'. कोकणातल्या माझ्या पिढीला हे नाव उच्चारलं की पुढचं सांगावं लागत नाही. ती काही लहान होडी नव्हती, आगबोट होती, परवान्याची, तपासणीची. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अमावस्या तोंडावर, म्हणजे उधाणाचे दिवस, भर आषाढातला वारा, आणि सणाला गावी जाणाऱ्यांची गर्दी. काशाच्या खडकाजवळ लाटांनी बोट कलली, भेदरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. जी वाचली त्यांतल्या बऱ्याच जणांना मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी वर घेतलं. आमच्या तांडेलाचे नियम आठवून पाहा. तिथी बघा, वारा बघा, एका बाजूला सरकू नका. आगबोटीच्या दाखल्यात ह्यांतलं काय लिहिलं होतं कोण जाणे, पण धक्क्यावर त्या सकाळी "आज नाही" म्हणणारं कुणी नव्हतं, एवढं खरं.

१९९६ साली महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झालं. लहान बंदरं आणि प्रवासी बोटींचे परवाने त्याच्याकडे आले. गेटवे ते मांडवा ह्या लाँचेस पावसाळ्यात बंद ठेवतात. कुणी त्यावर कुरकुर केली की मी त्याला 'रामदास'ची गोष्ट सांगतो. (घरचे म्हणतात, न विचारताही सांगतो.)

१८ डिसेंबर २०२४ ला मात्र पावसाळा नव्हता, वारा नव्हता, लख्ख दुपार होती. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची इंजिन-चाचणीवर असलेली स्पीडबोट येऊन आदळली आणि १५ माणसं गेली. धडक नौदलाच्या बोटीनं दिली, तो दोष 'नीलकमल'च्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण मग परवाना बाहेर आला: ८४ उतारू आणि ६ खलाशी. प्रत्यक्षात बोटीवर शंभराच्या वर माणसं. त्यानंतर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडायची नाही, असा आदेश निघाला. जॅकेटची सक्ती चांगलीच. ती अमलात आणणंही सोपं, कारण नारिंगी रंग लांबून दिसतो. पंच्याऐंशीवा माणूस लांबून दिसत नाही. तो बोटीत पाय ठेवतो तेव्हा त्याला अडवायला तिथं कुणीतरी उभं असावं लागतं, आणि अडवल्याबद्दल त्याची रोजी बुडता कामा नये.

नदी-धरणांकडे तर हे कुणी नसतंच. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत होडी उलटून ११ जण बुडाले. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून ६ जण गेले. उजनीचं पाणी चढलं तेव्हा समोरासमोरची गावं तुटली. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, म्हणून लोक बोटीनं जातात. हौस म्हणून नाही, बाजार, दवाखाना, सोयरीक म्हणून. आमच्या शाळेची पोरं येत होती तशीच.

नवा कायदा आता ही नोंद ग्रामपंचायतीपर्यंत आणू पाहतो. माझ्या ओळखीच्या एका ग्रामसेवकाला मी विचारलं, होडीची नोंद कशी करणार? तो म्हणाला, "सर, लांबी-रुंदी मोजू, नंबर टाकू." मी म्हटलं, आणि माणसं किती, ते? त्यानं थोडा विचार केला आणि मलाच विचारलं, "तुमचा तो तांडेल कसं ठरवायचा?"

मी त्याला हात आडवा धरून दाखवला.