शब्द, वारा आणि भागीदारी : डॅनिश पवनऊर्जेचा पूर्वेतिहास

ऊर्जासंक्रमणाचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि शासकीय धोरणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. 'लोकसहभाग' त्यात उशिरा, प्रकल्पाला विरोध होऊ लागल्यावर अवतरतो. डेन्मार्कमध्ये हा क्रम वेगळा होता, आणि त्याचे एक मूळ साहित्येतिहासात सापडते.

कवी व धर्मोपदेशक ग्रुंट्विग (१७८३–१८७२) यांनी ग्रामीण तरुणांसाठी परीक्षाविरहित लोकविद्यालयांची कल्पना मांडली. ग्रंथापेक्षा 'जिवंत शब्द', म्हणजे संवाद, हा तिचा गाभा होता. असे पहिले विद्यालय १८४४ मध्ये निघाले. १८६४ च्या पराभवात श्लेसविग प्रांत गमावल्यानंतर ते सरहद्दीअलीकडे अस्कोव्ह येथे आले. तेथील शिक्षक पौल ला कूर यांनी १८९१ मध्ये शासकीय साहाय्याने वीजनिर्मितीसाठी प्रायोगिक पवनचक्की उभारली आणि पुढे ग्रामीण वीजतंत्रज्ञ घडविले. म्हणजे पवनविद्युत प्रथम शेतकऱ्यांच्या शाळेत रुजली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर शासनाचा कल अणुविजेकडे होता. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या 'ओओए' या नागरिक-संघटनेने त्यावर देशव्यापी चर्चा घडविली. १९८५ मध्ये संसदेने अणुवीज नियोजनातून वगळली. या वादात कार्बनचा प्रश्न मध्यवर्ती नव्हता, आणि देशाची वीज पुढेही दीर्घकाळ मुख्यतः कोळशावरच अवलंबून राहिली, हे विसरता कामा नये. तथापि याच काळात शेजाऱ्यांनी एकत्र येऊन पवनचक्क्या विकत घेण्याची सहकारी पद्धती रूढ झाली.

तिचे परिणत रूप म्हणजे कोपनहेगनजवळच्या समुद्रातील 'मिडेलग्रुंडेन' (२०००). मूळ आराखड्यात तीन रांगांत २७ चक्क्या होत्या. जनसुनावणीनंतर त्या २० झाल्या आणि एकाच वक्ररेषेत मांडल्या गेल्या. ४० मेगावॉटच्या या प्रकल्पाची निम्मी मालकी साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेने घेतली. येथे नागरिकांच्या मताने प्रकल्पाचा आकारच बदलला.

प्रकल्प मोठे होत गेले, तशी ही भागीदारी क्षीण झाली. २००८ च्या कायद्याने नव्या पवनप्रकल्पांतील किमान २० टक्के हिस्सा स्थानिकांना देऊ करणे बंधनकारक केले. २०२० मध्ये ती तरतूद रद्द होऊन शेजाऱ्यांना वार्षिक रक्कम देण्याची पद्धत आली. भागीदार पुन्हा लाभार्थी झाला. संमती मिळविणे आणि सहभाग घडविणे यांतील अंतर या एका बदलातून स्पष्ट होते. पहिलीसाठी मोबदला पुरतो. दुसऱ्यासाठी ज्ञान, मालकी आणि आराखडा बदलण्याचा अधिकार ही तिन्ही लागतात.