वादनिवारणाचे पदव्युत्तर शिक्षण : प्रवेश आणि अभ्यास

न्यायालयाबाहेर वाद सोडविण्याच्या पद्धतींना ‘पर्यायी वादनिवारण’ असे म्हणतात. लवाद, मध्यस्थी, सलोखा आणि लोकअदालत या त्यांतील प्रमुख पद्धती होत. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो व तो पक्षकारांवर बंधनकारक असतो. मध्यस्थ निवाडा देत नाही; पक्षकारांनी स्वतःच तोडगा काढावा यासाठी तो साहाय्य करतो. हा भेद प्रथमच लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण दोहोंचा अभ्यासक्रम आणि पुढील व्यवसाय यांत बरेच अंतर आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांचा येथे गोंधळ होण्याचा संभव अधिक. १९९६ च्या लवादविषयक केंद्रीय कायद्याचे हिंदी नाव ‘माध्यस्थम् और सुलह अधिनियम’ असे आहे. म्हणजे मराठीत ज्याला लवाद म्हणतात त्यालाच तेथे माध्यस्थम् म्हटले आहे.

या विषयाकडे विद्यार्थ्यांचा ओढा वाढण्यास कायद्यांतील बदल कारणीभूत आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेचे सुधारित कलम ८९ हे २००२ मध्ये अमलात आले आणि न्यायालयांना प्रकरणे तडजोडीच्या मार्गाकडे पाठविण्याचा आधार मिळाला. वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्यात २०१८ मध्ये कलम १२अ समाविष्ट झाले. तातडीचा दिलासा मागितला नसेल, तर दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करणे त्यानुसार बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले. त्यानंतर २०२३ चा मध्यस्थी अधिनियम आला. मध्यस्थी १२० दिवसांत पूर्ण व्हावी, आणि उभयपक्षांची संमती असल्यास ही मुदत आणखी ६० दिवस वाढविता यावी, अशी तरतूद त्यात आहे.

भारतात या विषयाच्या उच्चशिक्षणाचा रुळलेला मार्ग म्हणजे एक वर्षाचा एलएल.एम. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील प्रवेश ‘क्लॅट’च्या पदव्युत्तर परीक्षेद्वारे होतात. त्यासाठी विधी पदवीला ५० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४५ टक्के पुरेसे असतात. प्रश्नपत्रिकेचा भर संविधान, करार, न्यायशास्त्र अशा मूळ विषयांवर असतो. लवाद व मध्यस्थी यांची निवड त्यानंतर, विद्यापीठात उपलब्ध असलेल्या विषयांनुसार करावयाची असते.

केवळ वादनिवारणाचीच पदवी हवी असणारे विद्यार्थी बहुधा अमेरिकेकडे पाहतात. मिसुरी विद्यापीठाने १९९९ मध्ये वादनिवारणातील एलएल.एम. सुरू केले. कॅलिफोर्नियातील पेपरडाइन विद्यापीठाची स्ट्रॉस संस्था १९८६ पासून कार्यरत आहे. तेथे विधी पदवीधरांसाठी एलएल.एम. आहे आणि अन्य पदवीधरांसाठी ‘मास्टर ऑफ डिस्प्यूट रेझोल्यूशन’ ही स्वतंत्र पदवी आहे. मनुष्यबळ विभागातील अधिकारी, समाजकार्यकर्ते, शिक्षक, अभियंते यांना हे दुसरे दार खुले असते, याची आपल्याकडे अनेकांना कल्पना नसते. ज्यांचा कल प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय लवादाकडे आहे, त्यांनी जिनिव्हा आणि सिंगापूर येथील एलएल.एम. अभ्यासक्रमांचाही विचार करावा.

अर्जासोबत सामान्यतः पदवीच्या गुणपत्रिका, शिफारसपत्रे, कार्यानुभवाचा तपशील, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण आणि उद्देशनिवेदन मागितले जाते. यांपैकी उद्देशनिवेदनावर सर्वाधिक परिश्रम घ्यावेत. ‘मला लहानपणापासून शांततेची आवड आहे’ अशा वाक्यांनी निवड समितीस काहीच कळत नाही. आपण जवळून पाहिलेला एखादा वाद, त्यात आपण काय केले आणि कोठे कमी पडलो, हे लिहिणे अधिक उपयुक्त. गृहनिर्माण संस्थेतील भांडण असो, कारखान्यातील वेतनाचा तंटा असो, किंवा महाराष्ट्रात २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतील समितीचे काम असो, अनुभव लहान असला तरी चालतो. मात्र पक्षकारांची नावे व ओळख पटेल असा तपशील टाळावा. या व्यवसायात गोपनीयता हा पहिला नियम आहे, आणि ती अर्जातच मोडलेली दिसली तर अर्जदाराविषयी प्रतिकूल मत होणे साहजिक आहे.

प्रवेश मिळाल्यावर विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा दस्तऐवज विद्यापीठाकडून मिळतो. त्यापूर्वी पहिल्या वर्षाचे शुल्क व निर्वाहखर्च भागविण्याइतकी रक्कम उपलब्ध असल्याचा पुरावा द्यावा लागतो. शिष्यवृत्तीची चौकशी प्रवेशअर्जाबरोबरच करावी. नंतर फारसे काही हाती लागत नाही.

प्रत्यक्ष अभ्यासात वाटाघाटी, मध्यस्थी व लवाद यांचे सिद्धान्त आणि सराव, संघर्षाचे मानसशास्त्र असे विषय असतात. रॉजर फिशर व विल्यम युरी यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात मागणी आणि तिच्यामागची गरज यांत केलेला भेद आजही पायाभूत मानला जातो. दोन भाऊ सामाईक विहिरीच्या एकाच पाळीवर अडून बसले असतील, तर ती पाळी ही त्यांची मागणी झाली. एकाला वयामुळे रात्री शेतावर जाणे जमत नाही आणि दुसऱ्याची रोपे दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यावाचून तग धरत नाहीत, या झाल्या गरजा. त्या बोलून दाखविल्या गेल्या की वाटणीचे तीन-चार मार्ग दिसू लागतात. मध्यस्थाने आपले मत द्यावे की केवळ संवाद सुकर करावा, हा वर्गातील नित्य वादाचा विषय. मिसुरी विद्यापीठात अध्यापन केलेल्या लेनर्ड रिस्किन यांनी १९९० च्या दशकात या शैलींची मांडणी केली आणि ती पुष्कळ गाजली.

अध्यापनाचा मोठा भाग अभिनयातून होतो. विद्यार्थी आळीपाळीने पक्षकार, वकील व मध्यस्थ होतात. प्राध्यापक निरीक्षण करून चुका दाखवितात. वादविवाद स्पर्धा गाजविलेल्या विद्यार्थ्यांना हे प्रथम जड जाते, कारण येथे उत्तर देण्यापेक्षा ऐकून घेण्याला गुण असतात.

शुल्क भरण्यापूर्वी आणखी दोन बाबी तपासाव्यात. न्यायालयांशी संलग्न मध्यस्थी केंद्रांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी व सलोखा प्रकल्प समितीने ४० तासांचे प्रशिक्षण ठरविले आहे. परदेशी पदवी मिळाली म्हणून ते आपोआप पूर्ण झाले असे समजू नये. तसेच अमेरिकेत वकिलीची परीक्षा देण्याचा हेतू असेल, तर केवळ एलएल.एम. पुरेसे होत नाही. न्यूयॉर्कमध्ये त्या पदवीत किमान २४ क्रेडिट असावे लागतात आणि व्यावसायिक नीतिमत्ता, विधी संशोधन व लेखन, अमेरिकी विधीव्यवस्था हे विषय घेतलेले असावे लागतात. वादनिवारणाच्या विषयांनीच वेळापत्रक भरून गेले तर हे विषय राहून जातात. म्हणून पहिल्या सत्राची विषयनिवड करतानाच विद्यापीठाच्या सल्लागाराकडून याबाबत लेखी खुलासा घ्यावा.