हिशेब कोणासाठी? व्यवस्थापकीय लेखांकनाच्या उगमाचा वाद

१/ वाणिज्य शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात व्यवस्थापकीय लेखांकन म्हणजे सूत्रे, तक्ते आणि उदाहरणे. पदव्युत्तर संशोधनाच्या वर्गात मात्र विद्यार्थ्यासमोर इतिहास येतो. तेथे ‘खर्च कसा मोजावा’ याआधी ‘खर्च मोजण्याची गरज कोणाला आणि का वाटली’ हे विचारले जाते. या प्रश्नावर संशोधकांचे आजही एकमत नाही.

२/ व्यापाऱ्याला किर्द-खतावणी पुरते. माल किती किमतीला घेतला आणि किती किमतीला विकला, हे बाजारच सांगतो. परंतु एकाच छपराखाली कापूस पिंजला, सूत कातले आणि कापड विणले जाऊ लागले, की मधल्या टप्प्यांना बाजारभाव उरत नाही. कोणता विभाग किफायतीने चालतो, हे मालकाला आतूनच शोधावे लागते.

३/ इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर, १७७२. पतसंकटामुळे बाजार मंदावला आणि प्रसिद्ध कुंभार-कारखानदार जोसाया वेजवुड याच्याकडे माल पडून राहिला. तो आपल्या वह्या घेऊन बसला. नील मॅकेंड्रिक या इतिहासकाराने १९७० मध्ये ही हकिकत अभ्यासकांपुढे मांडली.

४/ वेजवुडच्या ध्यानात आले की, उत्पादन थोडे असो वा फार, काही खर्च तेवढेच राहतात. म्हणजे नग वाढले की दर नगामागचा खर्च उतरतो. म्हणून भाव कमी करून मध्यमवर्गीय गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचणे शक्य होते. याच तपासणीत त्याच्या कारकुनाची अफरातफरही उघडकीस आली.

५/ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स, १८५० चे दशक. होल्योक येथील लायमन मिल्स या कापड गिरणीचे दप्तर एच. थॉमस जॉन्सन यांनी तपासले आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गिरणी होल्योकला, तर आर्थिक सूत्रे बोस्टनला. दूर बसलेल्यांना कामगारांची उत्पादकता आणि प्रक्रियेचा खर्च या वह्यांतून कळत असे.

६/ पुढे १९०३ मध्ये ड्यू पॉन्ट घराण्याने अनेक बारूद कारखाने एका कंपनीत आणले. आता प्रश्न होता, भांडवल कोणत्या विभागाला द्यावे? त्यासाठी गुंतवणुकीवरील परताव्याचे प्रमाण वापरले गेले. हाही जॉन्सन यांच्याच संशोधनाचा विषय होता.

७/ १९८७ मध्ये जॉन्सन आणि रॉबर्ट कॅप्लन यांचे ‘रेलेव्हन्स लॉस्ट’ प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे असे : या विद्येतील बहुतेक पद्धती १९२५ पर्यंत तयार झाल्या होत्या. पुढे भागधारकांसाठीच्या ताळेबंदाने कारखान्यातील हिशेबावर मात केली आणि व्यवस्थापकाला निर्णयासाठी उपयोगी आकडे मिळेनासे झाले. जपानी स्पर्धेने हैराण झालेल्या अमेरिकी उद्योगात या पुस्तकाने खळबळ उडवली.

८/ दुसऱ्याच वर्षी कीथ हॉस्किन आणि रिचर्ड मॅक्व्ह यांनी वेगळीच दिशा दाखवली. त्यांच्या मते उगम बाजारात नसून शाळेत आहे. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत १८१७ पासून सिल्व्हेनस थेअर यांनी गुण, क्रमवारी आणि लेखी अहवालांची कडक शिस्त लावली. तेथे शिकलेला डॅनियल टायलर १८३२ मध्ये स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात घड्याळ घेऊन कामाचा वेळ मोजत होता.

९/ हे शस्त्रागार होल्योकच्या जवळच, त्याच कनेक्टिकट नदीकाठी होते. पण तेथे नफ्याचा प्रश्नच नव्हता. मग केवळ नफ्याच्या ओढीने हे हिशेब जन्मले, असे कसे म्हणावे? या दोघांच्या मते तेथे विद्यार्थ्याला गुण देण्याची रीत कामगाराला लागू झाली होती. प्रत्येकाचे काम आकड्यात मोजायचे आणि त्या आकड्याबद्दल त्याला जबाब विचारायचा.

१०/ अँथनी हॉपवुड यांनी १९७६ मध्ये लेखांकनाच्या सामाजिक अंगाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले होते. त्यातच १९८७ मध्ये त्यांनी वेजवुडची कथा पुन्हा वाचली. वेजवुडने हिशेब मांडला तो अडचणीतून वाट काढण्यासाठी. पण एकदा खर्च ‘दिसू’ लागल्यावर कारखान्याचा कारभारच त्या आकड्यांभोवती फिरू लागला. साधनाने आपल्या धन्याची नजरही बदलली.

११/ विसाव्या शतकातील कारखान्यांतही हेच दिसले होते. क्रिस आर्जिरिस यांनी १९५२ मध्ये अंदाजपत्रकांचा माणसांवरील परिणाम अभ्यासला. वरून दाब वाढला की कामगार त्याविरुद्ध गट करून राहतात आणि मुकादम दोन्हीकडून भरडला जातो, असे त्यांना आढळले.

१२/ हा वाद केवळ सनावळीचा नाही. जॉन्सन-कॅप्लन यांची मांडणी मान्य केली, तर दोषावर उपाय म्हणजे अधिक अचूक हिशेब. हॉस्किन-मॅक्व्ह यांची मान्य केली, तर अधिक अचूक हिशेब म्हणजे माणसावर अधिक बारीक पाळत. कामगिरीच्या आकड्यांवर पगार आणि बढती ठरणाऱ्या प्रत्येक नोकरदाराचा या उत्तराशी संबंध आहे.

१३/ वेजवुडच्या वह्यांत दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. त्याच तपासणीने गिऱ्हाइकाला स्वस्त भांडे मिळण्याची वाट मोकळी केली आणि कारकुनावर मालकाची नजर बसवली. संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने कोणताही खर्चतक्ता हाती घेताना म्हणूनच आधी विचारावे : हा कोणी मागवला, आणि यात कोणाचे काम मोजले गेले?