गृहचित्रगृहातील लेझर प्रोजेक्टर

लेझर प्रोजेक्टर (घरगुती चित्रगृहाचा) : पाऱ्याच्या दिव्याऐवजी लेझर डायोडचा उजेड वापरून मोठ्या पडद्यावर चित्र उमटवणारे आणि अंधार केलेल्या खोलीत सिनेमा पाहण्यासाठी घडवलेले यंत्र. शाळा-कचेऱ्यांतले प्रोजेक्टर या नोंदीत धरलेले नाहीत. त्यांना दिवे चालू असतानाही अक्षरे दिसावी लागतात. घरच्या चित्रगृहातल्या यंत्राला मात्र काळोख काळाच दाखवावा लागतो. या दोन कामांतली तफावत लक्षात न घेता केलेली खरेदी बहुधा चुकते. येथील तुलना ठाणे, वागळे इस्टेट आणि कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या घरांची मापे, हवा व वीज समोर ठेवून केली आहे.

भिंतीवर उजेडाने गोष्ट सांगण्याची कला या पट्ट्याला नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. शांबरिक म्हणजे मायावी, जादूगार. काचांवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे एकामागून एक पडद्यावर सरकत आणि सोबत निवेदन चाले. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली; म्हणजे कल्याणकरांनी पडद्यावरची माया त्याच्या चार वर्षे आधीच पाहिली होती. उजेडाचा स्रोत, रंगीत चित्र, भिंग आणि पडदा हे पटवर्धनांच्या खेळाचे चार घटक आजच्या पंचवीस लाखांच्या यंत्रातही तेच आहेत.

लेझर म्हटले की वागळे इस्टेटमधल्या कारखानदाराला आधी पत्रा कापणारे यंत्र आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले आणि थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर त्याच महिन्याच्या १६ तारखेला अमेरिकेत चालवून दाखवला. उद्योगांत पुढे फार वापरला गेलेला कार्बन डायऑक्साइड लेझर बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार पटेल यांनी शोधला. ते मूळचे बारामतीचे, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ मध्ये स्थापना झाली आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली, तीही याच दशकात. सिनेमा दाखवणारा लेझर मात्र या कापणाऱ्या लेझरपेक्षा पुष्कळ तरुण आहे, कारण त्याला निळा डायोड लागतो. शुजी नाकामुरा यांनी तो नव्वदच्या दशकात जपानमध्ये शक्य करून दाखवला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी त्यांना, इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

महागड्या घरगुती प्रोजेक्टरांपैकी बहुतेकांत फक्त निळा लेझर असतो. त्याचा काही भाग फॉस्फरवर पडून पिवळा उजेड देतो. त्यातून लाल आणि हिरवा वेगळा काढतात, उरलेला निळा थेट वापरतात. दुसऱ्या पद्धतीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे लेझर असतात. त्यांचे रंग अधिक गडद आणि व्यापक असतात, पण पडद्यावर वाळू भुरभुरल्यासारखी बारीक चमचम दिसू शकते. तिला स्पेकल म्हणतात. क्रिकेटचे हिरवे मैदान किंवा मोकळे आकाश दाखवले की ती लगेच डोळ्यांत भरते. काही प्रेक्षकांना मात्र ती जाणवतच नाही.

दिव्याच्या तुलनेत लेझरचा मोठा लाभ आयुष्याचा. जुन्या यंत्रातला दिवा तीन-चार हजार तासांत मंदावतो आणि नवा घालावा लागतो. लेझर यंत्रांचे आयुष्य साधारण २०,००० तास सांगितले जाते, म्हणजे तेवढ्या तासांनी उजेड निम्म्यावर येतो. रोज अडीच तासांचा एक सिनेमा पाहिला तर हा हिशेब जवळजवळ बावीस वर्षांवर जातो. एवढ्या काळात केबलचे प्रकार आणि चित्राचे मानक दोन-तीनदा बदललेले असतील. म्हणून लेझरच्या आयुष्यापेक्षा यंत्रातली चित्रप्रक्रिया किती काळ कालबाह्य होणार नाही, हा प्रश्न खरेदीच्या वेळी जास्त उपयोगी पडतो.

खरी चुरस चित्र घडवणाऱ्या चिपांत आहे. जेव्हीसीच्या डी-आयएलए आणि सोनीच्या एसएक्सआरडी या दोन्ही चिपा आरशासारख्या पृष्ठभागावर बसवलेल्या द्रवस्फटिकाच्या. लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी एक अशा तीन. जेव्हीसीच्या चिपेवर ४०९६ गुणिले २१६० बिंदू असतात, सोनीच्या सध्याच्या ०.६१ इंची चिपेवर ३८४० गुणिले २१६०. या दोघांचे फोर-के अस्सल, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक बिंदूला चिपेवर स्वतःची जागा आहे. एप्सनच्या ईएच-एलएस१२००० मध्ये (२०२२, २७०० ल्युमेन) फुल एचडीच्या तीन एलसीडी चिपा असून प्रत्येक बिंदू चार जागी झटपट सरकवून फोर-के साधतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीएलपी चिप लॅरी हॉर्नबेक यांच्या १९८७ च्या शोधातून आली. ती सूक्ष्म हलत्या आरशांची. तिच्या घरगुती आवृत्तीतही बिंदू सरकवूनच फोर-के मिळते. बसायच्या जागेवरून या सरकवण्याचा फरक कळणे कठीण असते. दहा फुटांवर बसलेल्या प्रेक्षकाला बिंदूंची संख्या नव्हे, काळोखाची खोली आधी जाणवते.

या बाबतीत जेव्हीसी पुढे आहे, हे या नोंदीचे ठाम मत. कंपनीने २०२१ च्या अखेरीस डीएलए-एनझेड७, एनझेड८ आणि एनझेड९ ही यंत्रे आणली. त्यांचा उजेड अनुक्रमे २२००, २५०० आणि ३००० ल्युमेन. मूळ कॉन्ट्रास्ट ४० हजारास एक, ८० हजारास एक आणि एक लाखास एक. २०२४ च्या एनझेड९०० मध्ये उजेड ३३०० ल्युमेनवर आणि मूळ कॉन्ट्रास्ट दीड लाखास एकवर गेला. मूळ कॉन्ट्रास्ट म्हणजे लेझर कमी-जास्त न करता चिपेने एकटीने साधलेले काळ्या-पांढऱ्याचे अंतर. सोनी असा आकडा छापत नाही. ती लेझर मंद करून मिळणारा गतिशील कॉन्ट्रास्ट ‘अनंतास एक’ असा सांगते. एप्सन त्याच प्रकारचा आकडा पंचवीस लाखास एक असा देते. तीन माहितीपत्रके शेजारी ठेवली तर एप्सन जेव्हीसीच्या कितीतरी पुढे वाटेल, पण हे आकडे एकाच मापाचे नाहीत. पूर्ण काळी चौकट आली की लेझर विझवता येतो. काळ्या आभाळात एकच चंद्र असेल तर विझवता येत नाही, आणि कस तिथेच लागतो.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) या परीक्षेसाठी उत्तम. ओल्या भिंती, कंदिलाचा उजेड, पावसाचे करडे आभाळ आणि वाड्याच्या पोटातला अंधार. साध्या डीएलपी यंत्रावर हा अंधार राखाडी धुके होतो. पडद्यावरचा पांढरा १२० निट (निट हे पडद्याच्या तेजाचे एकक) धरला तर दोन हजारास एक कॉन्ट्रास्टच्या यंत्राचा काळा ०.०६ निटवर अडकतो, चाळीस हजारास एकच्या यंत्राचा ०.००३ वर उतरतो. वीसपट फरक. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

सोनीची बाजू वेगळी आहे. तिची हालचाल स्वच्छ, त्वचेचे रंग नैसर्गिक आणि चित्रप्रक्रिया बोलपटाला शोभणारी. २०२२ च्या व्हीपीएल-एक्सडब्ल्यू५०००ईएसने (२००० ल्युमेन) अस्सल फोर-के लेझर अमेरिकेत सहा हजार डॉलरवर आणला. २०१५ मध्ये घोषित झालेल्या ५००० ल्युमेनच्या व्हीडब्ल्यू५०००ईएसची किंमत तिथे साठ हजार डॉलर होती, हे आठवले तर सात वर्षांतली उडी लक्षात येते. एक्सडब्ल्यू५००० मध्ये मात्र झूम, फोकस आणि लेन्स शिफ्ट हातानेच फिरवावे लागतात. २०२४ च्या ब्राव्हिया प्रोजेक्टर ८ (२७०० ल्युमेन) आणि ९ (३४०० ल्युमेन) यांत लेन्स मोटरने चालते. त्याच वर्षी जेव्हीसीने २००० ल्युमेनचा एनझेड५०० सहा हजार डॉलरला देऊन सोनीच्या त्या पायरीवरच स्पर्धा उभी केली, आणि त्याची लेन्सही मोटरची आहे. हे आकडे अमेरिकी छापील किमतींचे आहेत. भारतात त्यांवर आयातीचा खर्च आणि जीएसटी चढतो. प्रोजेक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

उजेड किती पुरतो, याचा हिशेब सोपा आहे. ल्युमेनला पडद्याच्या गेनने (पडदा उजेड किती परतवतो त्याच्या मापाने) गुणावे, मग चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने आणि पाय (π) या संख्येने भागावे. उत्तर निटमध्ये येते. १२० इंची सोळास नऊ पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस मीटर. रंग नीट जुळवल्यावर दोन हजार ल्युमेनच्या यंत्रातून दीड हजारच उरले, तरी एक गेनच्या पडद्यावर १२० निट मिळतात. डिजिटल सिनेमागृहाचे मानक ४८ निट आहे, डॉल्बी सिनेमाचे सुमारे १०८. म्हणजे अंधाऱ्या खोलीत दोन हजार ल्युमेनही कमी नाहीत. अडचण एचडीआरची, म्हणजे उजेड-काळोखाची व्याप्ती वाढवलेल्या चित्राची. ते चित्र १००० किंवा ४००० निट डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असते आणि शंभर-दीडशे निटांच्या पडद्यात ते बसवावे लागते. जेव्हीसीचा फ्रेम अ‍ॅडाप्ट एचडीआर प्रत्येक चौकट तपासून हे काम करतो आणि फार सफाईने करतो. ज्यांना त्याहून अधिक हवे, ते मॅडव्हीआर किंवा ल्युमाजेनची वेगळी प्रक्रियापेटी जोडतात. त्या पेटीची किंमत एका चांगल्या प्रोजेक्टरइतकी असू शकते. सोनी आणि जेव्हीसीच्या या मालिकांत डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार चालत नाही, हेही आधी जाणून असावे.

आता खोली. ठाण्या-डोंबिवलीच्या टूबीएचकेमध्ये चित्रगृहाच्या वाट्याला बहुधा १० बाय १२ फुटांची बेडरूम येते. १०० इंची पडदा सव्वासात फूट रुंद असतो. सोनी आणि जेव्हीसीच्या लेन्सला रुंदीच्या किमान सुमारे १.३५ ते १.४ पट अंतर लागते, म्हणजे जवळजवळ दहा फूट. यंत्राची स्वतःची लांबी दीड फूट. मागे केबल आणि हवेला जागा हवी. बाराव्या फुटावर भिंत लागते आणि हिशेब जेमतेम जमतो. १२० इंची पडद्याला १४ फूट हवेत, ते घोडबंदर रोडच्या मोठ्या हॉलमध्येच मिळायचे. अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रकारचे यंत्र भिंतीपासून वीतभर अंतरावरून १०० इंची चित्र टाकते. लहान हॉलला ते सोयीचे, पण काळोख त्यातही बहुधा डीएलपीचाच.

वजनही पाहावे लागते. एक्सडब्ल्यू५००० सुमारे १३ किलोचा, जेव्हीसीचे एनझेड५०० आणि एनझेड७०० साडेचौदाच्या आसपास. एनझेड७ पासूनची जुनी मालिका बावीस किलोंच्या वर. फॉल्स सीलिंगच्या पीओपीला हे वजन लटकवणे धोक्याचे. ब्रॅकेटचे बोल्ट थेट स्लॅबमध्ये जायला हवेत. वागळे इस्टेटच्या गाळ्यांत फॅब्रिकेशन आणि पावडर कोटिंगची कामे करणारे पुष्कळ आहेत. खोलीच्या मापाचा काळा मॅट ब्रॅकेट तिथून करून घेणे तयार ब्रॅकेटला जागा जुळवत बसण्यापेक्षा बरे. पांढरे छत आणि फिक्या भिंती मात्र एक लाखास एकच्या यंत्रालाही हरवतात. उजेडाचा प्रसंग आला की पडद्यावरचा प्रकाश छतावर जातो आणि परतून पडद्यावर येतो, आणि चित्रातल्या काळ्या जागा धुपतात. पडद्याभोवतीचे चार-पाच फूट गडद केले तरी चित्र इतके सुधारते, की पुढच्या मॉडेलवर खर्चायचे पैसे आधी रंगाऱ्याला द्यावेत.

ठाण्याचा पावसाळा यंत्राला कष्टदायक. दमट हवेत भिंगांना बुरशी लागते, हे कोकणपट्टीतल्या फोटोग्राफरांना जुने ठाऊक आहे. प्रोजेक्टर आठवड्यातून दोनदा तासभर चालवावा आणि एसी अधूनमधून ड्राय मोडवर ठेवावा. इमारतीजवळ बांधकाम सुरू असेल तर हवेच्या फिल्टरची सफाई महिन्याला. लेझर यंत्राला दिव्यासारखे विझल्यावर थंड होत बसावे लागत नाही, त्यामुळे वीज गेल्याचा धक्का त्याला कमी बसतो. तरीही महावितरणच्या भागात चढउतार पाहता ऑनलाइन यूपीएस असावा. ही यंत्रे साधारण ३०० ते ४५० वॉट घेतात, एक केव्हीएचा यूपीएस पुरतो. यूपीएस आणि वीजपुरवठ्याची उपकरणे बनवणारी अ‍ॅप्लॅब ही कंपनी पूर्वी वागळे इस्टेटमधलीच, प्रभाकर देवधर यांनी १९६२ मध्ये सुरू केलेली.

पडद्याचा आकार हा शेवटचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न. रुंद चित्रपटांचे प्रमाण २.३९ च्या आसपास असते; सोळास नऊच्या पडद्यावर असा चित्रपट लावला की वरखाली मिळून जवळजवळ चौथा भाग रिकामा राहतो. चांगल्या काळ्याच्या यंत्रावर त्या पट्ट्या दिसतच नाहीत, कमकुवत यंत्रावर त्या सबंध सिनेमाभर राखाडी चमकत राहतात. उलट ज्यांनी रुंद पडदा बसवला आहे, त्यांना मोटरच्या लेन्सची स्मृती उपयोगी पडते: एका बटणाने झूम बदलतो आणि चित्र पडद्याला भरते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मात्र १.३७ प्रमाणाच्या जमान्यातला. २.३५ च्या पडद्यावर पूर्ण उंचीने तो मध्यभागी सुमारे ५८ टक्के रुंदी व्यापतो. दोन्ही बाजूंना काळ्या मखमलीचे सरकते पडदे लावून ही उरलेली जागा झाकतात.