सल्ला कुणाचा घ्यावा?

परवा बागेतलं एक वठलेलं कलम तोडलं. वडिलांनी लावलेलं हापूस. दोष औषधाचा नाही, माझाच.

हापूस एका वर्षी भरघोस मोहोरतो, तर दुसऱ्या वर्षी नुसता पालवतो. आमच्या कोकणाचं हे जुनंच दुखणं. त्यावर कल्टार आलं. ते पालवीचा जोर रोखतं, म्हणून मोहोर दरसाल आणि लवकर येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस मोजकी आहे : झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, आणि जोडीला पुरेसं खत. मी मात्र शेजारच्या बागायतदाराला विचारलं. तो म्हणाला, "गुरुजी, दुप्पट घाला. माझ्या कलमांका बघा कसो मोहर इलो!" बघितलं आणि घातलं. जन्मभर पोरांना त्रैराशिक शिकवलेला मी! दोन वर्षं आंबा खूप आला. मग फांद्या आखडल्या, शेंड्याकडून वाळू लागल्या.

शेजारी खोटं बोलला नव्हता. पण त्याने पहिल्याच वर्षाचा मोहोर दाखवला, आणि त्याची जमीन खोल मातीची, माझी कातळावरची. हे मी विचारलंच नाही.

मग जाणत्यांनी लोकांचं ऐकूच नये का? तसं नाही. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ सालचं. १९८१ मध्ये तिथून 'वेंगुर्ला-४' हा काजू आला. त्याच्या जनकांपैकी एकाचं नाव 'वेतोरे-५६'. वेतोरे हे आमच्याच जिल्ह्यातलं गाव! म्हणजे संशोधकांनीही गावच्या झाडांकडे पाहिलं होतं. फरक इतकाच, की त्यांनी ते झाड पारखलं, संकर केला, अनेक वर्षं नोंदी ठेवल्या, आणि मगच ते लोकांच्या हाती दिलं.

२००४ साली किसान कॉल सेंटर सुरू झालं, आता तर खिशातल्या फोनवर सल्ल्यांचा पूर येतो. तुम्ही म्हणाल, मग ओळखायचं कसं? मी आता एकच खूण धरतो. उत्तर देण्याआधी जो मला विचारतो, "झाडाचं वय काय, जमीन कसली, मागच्या वर्षी काय घातलंत?" त्याचं ऐकतो.

तोडलेल्या जागी पावसाळ्यात नवं कलम लावायचं आहे. नोंदवही आधीच आणून ठेवली आहे.