शिक्षकांचे शिक्षण : भावनगर ते कोसबाड

आपल्या माणसांनी परप्रांतांत केलेल्या कार्याचा आम्हा बृहन्महाराष्ट्रीयांना मोठा अभिमान वाटतो. परंतु त्या प्रांतांनी आपल्याला काय दिले, याचा हिशेब आम्ही क्वचितच मांडतो. ताराबाई मोडक यांचे चरित्र वाचताना ही उणीव विशेष जाणवते.

१८९२ साली मुंबईस जन्मलेल्या ताराबाई पदवीधर होत्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपदही त्यांनी भूषविले होते. शिक्षिका घडविणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या १९२३ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेत गेल्या आणि मुलांपुढे बसून पुन्हा शिकू लागल्या.

तेथे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढले होते. शिक्षकांसाठी अध्यापनमंदिर निघाले ते त्यानंतर, १९२५ साली. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. आधी मुले, मग त्यांच्या सान्निध्यात शिक्षक. मूल काय करते हे मुकाट्याने पाहावे, पाहिलेले टिपून ठेवावे, सहकाऱ्यांशी त्याची चर्चा करावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलांत जावे, अशी ही विद्या. पुढच्याच वर्षी नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाची 'शिक्षणपत्रिका' आधी गुजरातीत व पुढे मराठीतही निघाली. त्यामुळे दूरच्या गावी एकट्या पडलेल्या शिक्षकालाही विचारांची सोबत मिळाली.

तथापि या विद्येची खरी कसोटी लागली ती १९४५ साली, बोर्डीस. अनुताई वाघ तेथे ताराबाईंना येऊन मिळाल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. गरिबांची मुले बालवाडीकडे फिरकेनात. अशा वेळी पालकांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे असते. या दोघींनी आपलीच पद्धत तपासली. मूल येत नाही तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, असे ठरले. शंख-शिंपले, खडे, पाने, बिया ही साधने झाली. मुलांना न्हाऊमाखू घालणे हेही शिक्षिकेचे काम ठरले. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

येथे शिक्षिका शिकल्या त्या समोर उभ्या राहिलेल्या अडचणीतून, एकमेकींच्या सोबतीने आणि वर्षानुवर्षे. परिणामकारक प्रशिक्षणाची याहून वेगळी गुरुकिल्ली आम्हांस तरी दिसत नाही.

'अंगणवाडी' हे नाव १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर पोहोचविले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. अपेक्षा योग्यच आहे. पण ते तास सभागृहात व्याख्याने ऐकण्यात जाणार की मुलांच्या सहवासात, हे कोण पाहणार? हजेरीपत्रक भरणे सोपे असते. बोर्डीस मुले आली नाहीत, तेव्हा त्या दोघींनी हजेरीपत्रक मिटले आणि त्या पाड्याच्या वाटेला लागल्या, एवढे आम्ही विसरू नये.